दोन पानांचे टिपण

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. विम्याच्या वैद्यकीय तपासणीत अडकला म्हणून एक सव्वीस वर्षांचा तरुण वडिलांबरोबर माझ्याकडे आला होता. तक्रार काहीच नाही. भूक चांगली, झोप चांगली, सुट्टीच्या दिवशी क्रिकेट. लघवीच्या अहवालात मात्र अल्ब्युमिन होते, थोड्या रक्तपेशी होत्या आणि रक्तदाब १६० वर १०० होता. वडील म्हणाले, "डॉक्टर, लॅबचीच काहीतरी चूक असेल हो, पोरगा ठणठणीत आहे." मी मुलाला विचारले, लघवीला फेस येतो का? तो जरासा लाजला आणि म्हणाला, "येतो, दोन-तीन वर्षं झाली. मला वाटलं सगळ्यांनाच येतो." आणखी थोडे खोदून विचारल्यावर आठवले की कॉलेजात असताना एकदा घसा बसून ताप आला होता आणि दुसऱ्याच दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती. दोन दिवसांत ती आपोआप साफ झाली, म्हणून घरी कुणाला सांगितलेच नाही.

बायोप्सी केली आणि आजाराचे नाव कळले: आयजीए नेफ्रोपॅथी. या आजाराला बर्जरचा विकार असेही म्हणतात. मूत्रपिंडाच्या गाळण्यांना स्वतःहून सूज येण्याचे जे आजार आहेत, त्यांत जगभर सर्वाधिक आढळणारा हाच. मधुमेह आणि रक्तदाब यांनी किडनी जाते हे आता बहुतेकांना ठाऊक असते. पण आपल्याच रोगप्रतिकारक यंत्रणेच्या एका गफलतीमुळे ऐन तारुण्यात ती जाऊ शकते, हे फारसे कुणाच्या कानावर नसते. या आजारावर उपाय कसे सापडत गेले, त्याची हकीकत मला आज सांगायची आहे.

सुरुवात लंडनपासून करायला हवी. गाय्ज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट नावाचे एक डॉक्टर होते. अंगावर सूज आलेल्या रुग्णाची लघवी चमच्यात घ्यायची आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर तापवायची, अशी त्यांची पद्धत होती. अंड्याचा पांढरा बलक तव्यावर जसा घट्ट होतो तशी ती लघवी गोठू लागली, तर तिच्यात प्रथिने आहेत असे समजायचे. असे रुग्ण दगावले की ब्राइट शवविच्छेदन करून त्यांची मूत्रपिंडे पाहत. ती आक्रसलेली आणि खडबडीत झालेली दिसत. अंगावरची सूज, लघवीतली प्रथिने आणि बिघडलेले मूत्रपिंड या तीन गोष्टी एकाच दोरीत ओवणारे त्यांचे पुस्तक १८२७ साली निघाले. पुढची शंभर वर्षे मूत्रपिंडाच्या बहुतेक आजारांना सरसकट 'ब्राइटचा विकार' एवढे एकच नाव होते. एका मोठ्या पोत्यात भरलेले दहा प्रकारचे धान्य म्हणा ना!

हे पोते निवडायचे तर जिवंत माणसाच्या मूत्रपिंडाचा तुकडा हाती यायला हवा होता. कोपनहेगनमधील इव्हर्सन आणि ब्रुन यांनी सुईने असा तुकडा काढण्याची पद्धत १९५१ मध्ये प्रसिद्ध केली. रुग्णाला बसवून ते सुई घालत आणि जेमतेम निम्म्या वेळा उपयोगी तुकडा मिळे. शिकागोच्या कार्क आणि म्यूर्क यांनी १९५४ मध्ये रुग्णाला पालथे झोपवले, सुई बदलली आणि ५० पैकी ४८ जणांत त्यांना तुकडा मिळाला. आजही आम्ही रुग्णाला पालथेच झोपवतो.

पण नुसता तुकडा मिळून भागत नाही, त्यात काय अडकले आहे ते दिसले पाहिजे. ही नजर दिली अल्बर्ट कून्स या अमेरिकन संशोधकाने. १९३९ च्या उन्हाळ्यात तो बर्लिनमध्ये सुट्टीवर होता. रोगजंतू किंवा प्रतिपिंड शरीरात नेमके कुठे जाऊन बसतात हे पाहायचे असेल, तर प्रतिपिंडालाच चमकणारा रंग का चिकटवू नये, असे त्याच्या मनात आले. प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी, आपल्या शरीराने शत्रू ओळखण्यासाठी बनवलेले प्रथिन. १९४१ मध्ये त्याने हे करून दाखवले. सूक्ष्मदर्शकाखाली अंधारात हिरवे तेज दिसू लागले. काजवे पाहिल्यासारखेच असते ते. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा बराच वेळ भिंगावरून डोळा हलवला नव्हता.

आता पॅरिसला जाऊ. तिथल्या नेकेर हॉस्पिटलात ज्यां हांबुर्जे यांनी मूत्रपिंडाच्या अभ्यासाचे मोठे केंद्र उभे केले होते. १९५२ च्या नाताळात मारियुस रनार नावाच्या सोळा वर्षांच्या सुतारकाम करणाऱ्या मुलाला त्याच्या आईचे मूत्रपिंड याच हॉस्पिटलात बसवले गेले. पडल्यामुळे त्याचे मूत्रपिंड फुटले होते, ते काढावे लागले, आणि मग कळले की त्याला जन्मतः दुसरे नव्हतेच. आईचे मूत्रपिंड सुमारे तीन आठवडे चालले. मुलगा वाचला नाही. पण किडनीचे आजार म्हणजे हात टेकण्याचे आजार, ही समजूत तिथून हलू लागली.

याच हॉस्पिटलात ज्यां बर्जर हे विकृतिशास्त्रज्ञ काम करीत. निकोल इंग्ले या त्यांच्या सहकारी. त्यांच्याकडे येणाऱ्या तुकड्यांपैकी काहींत एक गंमत दिसत होती. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली फारसे काही नाही, पण चमकणारा रंग वापरला की गाळणीच्या मधल्या भागात, जणू फांद्यांच्या बेचक्यांत, 'आयजीए' जातीच्या प्रतिपिंडांचे ढीग लखलखत. यातल्या अनेकांच्या लघवीत रक्त असे आणि घसा दुखला की ते वाढे. १९६८ मध्ये बर्जर आणि इंग्ले यांनी एका फ्रेंच नियतकालिकात यावर टिपण लिहिले. किती मोठे? अवघी दोन पाने.

जगाने टाळ्या वाजवल्या असे काही झाले नाही. एक तर ते फ्रेंचमध्ये होते. दुसरे म्हणजे आयजीए मूत्रपिंडात कशाला येईल, असा प्रश्न होता, आणि तो चुकीचा नव्हता. आयजीए हे दारावरचे राखणदार. डोळ्यांतले पाणी, लाळ, आतड्याचे अस्तर, बाळंतपणानंतरचे आईचे पहिले दूध, या ठिकाणी त्यांचा पहारा. बाहेरून येणारे जंतू तिथेच अडवायचे, एवढे त्यांचे काम. वेशीवरचा पहारेकरी घरातल्या गाळणीत कसा सापडला? तिसरी गोष्ट अशी की सुरुवातीला हा आजार सौम्य समजला गेला. लघवीत थोडे रक्त येते, पुन्हा जाते, रुग्ण हिंडतो फिरतो. "काही नाही हो, बर्जरचा आहे," असे डॉक्टर सांगत. रुग्णही खूश होऊन घरी जात.

ही सौम्यपणाची समजूत फार महागात पडली. हा आजार वर्षांचा हिशेब ठेवतो. वीस वर्षे पाठपुरावा केल्यावर लक्षात आले की शंभरातल्या वीस ते चाळीस जणांची मूत्रपिंडे पूर्ण निकामी होतात. ब्रिटनमधील दोन हजारांहून अधिक रुग्णांची नोंद असलेला २०२३ चा अभ्यास तर याहूनही गंभीर आहे. त्यात निम्म्या रुग्णांच्या बाबतीत निदानानंतर साडेअकरा वर्षांच्या आत मूत्रपिंड निकामी झाले किंवा मृत्यू आला. 'सौम्य' हा शब्द आम्ही आता वापरत नाही.

दोष कुठे आहे, मूत्रपिंडात की रक्तात? याचे उत्तर प्रत्यारोपणाने दिले, आणि ज्या रीतीने दिले ती मला या सगळ्या कथेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. बर्जर यांनीच १९७५ मध्ये दाखवले की या आजाराने किडनी गेलेल्या माणसाला दुसऱ्याची निरोगी किडनी बसवली, तरी तिच्यातही पुन्हा आयजीए साचू लागते. म्हणजे नवे भांडे ठेवले तरी तोच गाळ. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला याच्या उलटे घडले. एका दात्याच्या मूत्रपिंडांत नकळत आयजीएचे ढीग होते. ती मूत्रपिंडे वेगळ्याच आजाराच्या रुग्णांना बसवली गेली, आणि काही काळाने ते ढीग नाहीसे झाले! गाळणी बिचारी निर्दोष होती. गढूळपणा वरून येणाऱ्या पाण्यातच होता.

मग त्या पाण्यात नेमके काय होते? याचा शोध लागायला १९९० चे दशक उजाडले. आयजीए रेणूला मध्ये एक बिजागरी असते आणि तिच्यावर साखरेच्या लहान साखळ्या लोंबत असतात. या रुग्णांच्या काही आयजीएमध्ये त्या साखळीतला गॅलॅक्टोज हा दुवा नसतो. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठातील मेस्टेकी, टोमाना आणि नोव्हाक यांच्या गटाचे यात मोठे काम आहे. दुवा तुटलेला आयजीए शरीराला परका वाटतो, मग त्याच्याविरुद्ध दुसरे प्रतिपिंड तयार होते, दोघांची गाठोडी बनतात आणि ती गाळणीच्या बेचक्यात जाऊन अडकतात. तिथे जळजळ सुरू होते, व्रण पडतात. एका मूत्रपिंडात अशा सुमारे दहा लाख गाळण्या असतात आणि दोन्ही मिळून दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात. म्हणूनच काही लाख गाळण्या जाईपर्यंत माणसाला पत्ता लागत नाही.

पत्ता लागावा यासाठी एका देशाने मात्र सरळ मार्ग धरला. जपानने १९७४ पासून शाळेतल्या मुलांची दरवर्षी लघवी तपासायला सुरुवात केली. जपानमध्ये हा आजार फार, असे बराच काळ म्हटले जाई. पूर्व आशियात तो अधिक आहे हे खरेच; पण शोधणाऱ्याला सापडतो, हेही तितकेच खरे. आपल्याकडे लघवीची पट्टी काही रुपयांत मिळते, तरीही देशभर शाळांतून अशी नियमित तपासणी होत नाही. माझ्याकडे येणारे कित्येक तरुण पहिल्याच भेटीत क्रिएटिनिन पाच-सहा घेऊन येतात. तोवर किडनी आक्रसलेली असते, बायोप्सी करण्यातही अर्थ उरलेला नसतो, आणि अशा रुग्णाच्या कागदावर आजाराचे नाव कधीच लिहिले जात नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २०१५ पासून सुमारे दोनशे भारतीय रुग्णांचा काटेकोर पाठपुरावा सुरू केला, तेव्हा कुठे आपल्या रुग्णांविषयी नीट माहिती जमू लागली.

आता उपचार. इथे पुन्हा १९६८ साल येते, आणि या वेळी गाठ पडते एका सापाशी. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे. तो चावला की माणसाचा रक्तदाब एकदम कोसळतो. सर्जियो फरेरा या ब्राझीलच्या संशोधकाने या विषातला एक घटक वेगळा काढला आणि तो घेऊन तो लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेला. रक्तवाहिन्या आवळणारा अँजिओटेन्सिन नावाचा पदार्थ शरीरात एका विकरामुळे तयार होतो. विषातला तो घटक या विकराला अडवतो, हे तिथे १९६८ मध्ये ज्यांनी दाखवले त्यांचे नाव वाय. एस. बाखले. आडनाव आपल्या चांगल्याच ओळखीचे! म्हणजे पॅरिसमध्ये रोगाची ओळख पटत होती त्याच वर्षी लंडनमध्ये त्याच्या पहिल्या खऱ्या औषधाची वाट मोकळी होत होती, आणि दोघांना एकमेकांची कल्पना नव्हती. पुढे अमेरिकेत कशमन आणि ओंडेटी यांनी त्या धर्तीवर कॅप्टोप्रिल हे औषध घडवले. १९८१ मध्ये ते तिथे बाजारात आले. ते आले रक्तदाबाची गोळी म्हणून. पण या जातीची औषधे गाळणीतला दाबही उतरवतात आणि लघवीतून जाणारी प्रथिने कमी करतात, हे हळूहळू उमगले. स्पेनमधील एका अभ्यासाने २००३ मध्ये आयजीए नेफ्रोपॅथीतही त्यांनी किडनी अधिक काळ टिकते हे दाखवले.

या साध्या, स्वस्त गोळीची किंमत कमी लेखू नये. जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०१५ मध्ये आला. तिथे तीव्र औषधे देण्याआधी सहा महिने सर्वांचा रक्तदाब या गोळ्यांनी कसून ताब्यात ठेवला होता. तेवढ्यानेच ३०९ पैकी ९४ जणांची प्रथिने इतकी उतरली की त्यांना पुढच्या औषधांची गरजच राहिली नाही.

मधल्या काळात इतर प्रयोगही झाले. माशाचे तेल झाले, जपानमध्ये टॉन्सिल काढून टाकणे झाले. माशाच्या तेलाबद्दल १९९४ साली फार आशा होती, नंतर ती विरली. खरा वाद मात्र स्टेरॉइडचा. इटलीतील पोत्झी यांच्या गटाने १९९९ मध्ये सहा महिन्यांच्या स्टेरॉइडने फायदा होतो असे म्हटले. जर्मन चाचणीत मात्र तीव्र औषधांनी किडनीचे काम टिकवण्यात फारसा फरक पडला नाही. मग चीन, भारत, ऑस्ट्रेलिया वगैरे देशांनी मिळून मोठी चाचणी हाती घेतली. तिच्यात गंभीर जंतुसंसर्ग इतके वाढले, दोन रुग्ण दगावले, की ती मध्येच थांबवावी लागली. संशोधकांनी हार मानली नाही. डोस जवळजवळ निम्मा केला, संसर्ग टाळणारे अँटिबायोटिक जोडीला दिले आणि पुन्हा रुग्ण घेतले. २०२२ मध्ये निकाल आला: कमी डोसनेही फायदा होतो आणि धोका बराच घटतो. तरीही स्टेरॉइड लिहून देताना आजही माझा हात क्षणभर थबकतो. क्षयाच्या देशात प्रतिकारशक्ती दाबणारे औषध देणे म्हणजे तारेवरची कसरत.

स्टेरॉइड साऱ्या शरीराला कशाला द्यायचे? जिथे हा आयजीए तयार होतो तिथेच दिले तर? लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पेशींचे ठिपके असतात. पेयर नावाच्या स्विस शरीरशास्त्रज्ञाने सतराव्या शतकात त्यांचे वर्णन केले होते. बराचसा आयजीए तिथल्या पेशींकडून येतो. स्वीडनमधील संशोधकांनी बुडेसोनाइड हे स्टेरॉइड अशा कॅप्सूलमध्ये भरले की ती नेमकी तिथे जाऊन उघडते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. या आजारासाठी म्हणून खास मान्य झालेले हे पहिलेच औषध. बर्जर यांच्या दोन पानांना तोपर्यंत त्रेपन्न वर्षे झाली होती.

इतका उशीर का लागला, याचे एक कारण कंटाळवाणे वाटेल, पण महत्त्वाचे आहे. किडनी निकामी होईपर्यंत थांबायचे तर चाचणीला दहा-पंधरा वर्षे लागणार. कोणती कंपनी एवढी थांबेल? लघवीतली प्रथिने घटली तर किडनीही वाचते, हे आधीच्या अनेक चाचण्यांची आकडेमोड करून सिद्ध केले गेले आणि २०१९ च्या सुमारास प्रथिनांची घट हेच मोजमाप प्राथमिक मान्यतेसाठी पुरेसे धरावे यावर एकमत झाले. बांध फुटला. फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पार्सेन्टान आले. ते अँजिओटेन्सिनबरोबर एंडोथेलिन या आणखी एका पदार्थाला अडवते. हा पदार्थ जपानमध्ये १९८८ साली सापडला आणि त्याची रचना निघाली एका सापाच्याच विषासारखी! सापांचे या आजाराशी काय नाते आहे कोण जाणे. ऑगस्ट २०२४ मध्ये इप्टाकोपॅन आले, एप्रिल २०२५ मध्ये ॲट्रासेन्टान. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सिबेप्रेन्लिमॅब हे इंजेक्शन आले. ते थेट उगमावर काम करते. आयजीए बनवणाऱ्या पेशींना 'बनवा, बनवा' म्हणून हाकणारा एप्रिल नावाचा रेणू आहे, त्यालाच ते पकडते. पाणी गढूळ होते तिथपर्यंत आम्ही आता पोचलो आहोत.

या सर्व नव्या औषधांच्या अमेरिकेतल्या किमती ऐकल्या तर माझ्या रुग्णांचे डोळे पांढरे होतील. म्हणून मला एका दुसऱ्याच गोळीचे कौतुक जास्त. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन नावाचा पदार्थ काढला गेला होता. त्याने लघवीतून साखर जाते. त्या वंशातली डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी. मधुमेह नसलेल्या किडनीरुग्णांनाही ती देऊन पाहिली गेली. २०२० मध्ये निष्कर्ष आलेल्या त्या मोठ्या चाचणीत आयजीए नेफ्रोपॅथीचे २७० रुग्ण होते. गोळी घेणाऱ्यांत सहा जणांची किडनी गंभीरपणे खालावली, न घेणाऱ्यांत वीस जणांची. त्याच वर्षी भारतात तिचे पेटंट संपले, अनेक भारतीय कंपन्या ती बनवू लागल्या आणि भाव कोसळले.

तो विम्याचा तरुण आता चाळिशीकडे झुकला आहे. सकाळी रक्तदाबाची एक गोळी, एक डापाग्लिफ्लोझिन, जेवणात मीठ बेताचे. घरच्या घरी रक्तदाब मोजून वहीत लिहितो. मध्यंतरी घसा धरला की घाबरून फोन करायचा, आता करत नाही. गेल्या तपासणीत दिवसाची प्रथिने अर्ध्या ग्रॅमच्या खाली होती. नव्या आंतरराष्ट्रीय शिफारशी तेवढीच, जमल्यास त्याहून कमी, असावीत असे सांगतात. क्रिएटिनिन गेली चार वर्षे १.६ वर उभे आहे. गेल्या महिन्यात तो मुलीला घेऊन आला होता. ती सहा वर्षांची आहे. तिच्या लघवीत काही नव्हते.